एक घर की दोन घरे?
(राजा आणि प्याद्याच्या अखेरीचा अभ्यास)

— द्वितीय वर्ष, कला

बुद्धिबळाच्या डावाचे तीन भाग मानतात : सुरुवात, मध्य आणि अखेर. पैकी सुरुवातीचे कौतुक सर्वांना असते. अमुक बचाव, तमुक आक्रमण अशी भारदस्त नावे पाठ असली की समोरच्यावर छाप पडते. मधला भाग तर नाट्याचाच; त्यात हत्ती-घोडे बळी जातात, वजीर धावून येतो. अखेरीकडे मात्र कोणी फिरकत नाही. पटावर दोन राजे आणि एखाद-दुसरे प्यादे उरले की पाहणारे उठून चहाला जातात. मीही उठणाऱ्यांपैकीच होते. गेल्या वर्षीच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत त्याची किंमत आमच्या संघाला द्यावी लागली. हा लेख म्हणजे एका परीने त्या डावाचा हिशेब आहे.

छपाईत पटाचे चित्र देणे अवघड असल्याने स्थिती शब्दांतच देते. वाचकांनी शेजारी पट मांडून घ्यावा. पांढऱ्याच्या डाव्या हाताकडून उभ्या रांगांना ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच अशी नावे आहेत आणि आडव्या रांगांना पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८ असे आकडे. म्हणजे पांढरा राजा डावाच्या आरंभी ई१ या घरात असतो व काळा ई८ मध्ये.

आता तो डाव. चार पटांचा सामना होता. एक पट आम्ही जिंकलो होतो, एक हरलो होतो, एक बरोबरीत सुटला होता. राहिला माझा पट. बाकी सगळी मोहरी मारली गेली होती. माझा (पांढरा) राजा डी४ मध्ये, प्यादे ई२ मध्ये, म्हणजे आपल्या मूळ घरीच. समोरचा काळा राजा डी६ मध्ये, एकटा. खेळी माझी.

प्यादे मूळ घरातून एक घरही जाऊ शकते, दोन घरेही. मला प्याद्याचा वजीर करायचा होता. घड्याळात वेळ थोडा, मागे मैत्रिणी उभ्या. वजीर लवकर हवा तर दोन घरे जावे, यात विचार करण्यासारखे काय आहे? मी प्यादे ई४ वर ठेवले.

पुढे असे झाले. काळा राजा ई६. मी प्यादे ई५. काळा राजा ई७. माझा राजा डी५, त्याचा डी७. मी प्यादे ई६, शह. त्याचा राजा ई७. माझा राजा ई५, त्याचा सरळ मागे ई८. माझा राजा डी६, त्याचा डी८. मी प्यादे ई७, पुन्हा शह. त्याचा राजा ई८. आता वजीर व्हायला एकच घर राहिले, पण त्या घरात तो राजा बसलेला. राजा दूर नेला तर प्यादे जाते. राजा ई६ ला आणून प्याद्याला आधार दिला तर काळ्याला शह नाही, पण हलायलाही घर नाही. अशी कोंडी झाली की डाव बरोबरीत सुटतो. तसाच तो सुटला. सामना दोन-दोन झाला. पहिल्या पटावर विजय त्यांचा असल्यामुळे ते पुढच्या फेरीत गेले आणि आम्ही बसने परत आलो. वाटेत कोणी काही बोलले नाही. बोलले असते तर बरे वाटले असते.

घरी आल्यावर वडिलांना, म्हणजे अण्णांना, तीच स्थिती मांडून दाखवली. अण्णा चाकणच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात कंत्राटावर काम करतात. शाळा सातवीपर्यंत झाली, पण गावाकडे पारावर बुद्धिबळ शिकले आणि इथेही रविवारी वस्तीतल्या मंडळींबरोबर खेळतात. पट म्हणजे पुठ्ठ्याच्या खोक्यावर स्केचपेनने आखलेली चौसष्ट घरे. दोन प्यादी केव्हाच हरवली असल्याने त्यांच्या जागी षटकोनी नट ठेवतात. ते खेळतात ती देशी पद्धत. तीत प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर चालते, आणि शेवटच्या रांगेत पोहोचले की ज्या रांगेतून गेले त्या रांगेचे मोहरे बनते.

अण्णांनी स्थिती पाहिली आणि नट ई३ वर सरकवला.

"तू काय केलंस?"

"दोन घरं गेले."

"का?"

"जाता येतं म्हणून."

"आमच्यात एकच जातंय," एवढेच ते म्हणाले आणि जेवायला उठले.

ती खेळी बरोबर होती! त्यांच्या नियमात दुसरा मार्गच नव्हता हे खरे, पण माझ्या नियमातही जिंकणारी खेळी तीच होती. हे का, ते शोधताना मला जे कळले ते पुढे देते.

पहिली गोष्ट राजाच्या चालीची. डावाच्या आरंभी राजा म्हणजे जपून ठेवायची वस्तू. त्याला कोपऱ्यात नेऊन तीन प्याद्यांच्या आड बसवायचे आणि विसरून जायचे. मोठी मोहरी संपली की मात्र तोच पटावरचा सर्वांत बलवान गडी होतो. आठही दिशांना एक-एक घर जाणारा हा गडी उभा चालला काय किंवा तिरपा चालला काय, एका रांगेतून पुढच्या रांगेत जायला एकच खेळी घेतो. म्हणून शाळेत शिकलेली भूमिती इथे चालत नाही. राजाला ई१ पासून ई८ पर्यंत सरळ जायला सात खेळ्या लागतात. एफ२, जी३, एच४ असा पटाच्या कडेपर्यंत वळसा घालून जी५, एफ६, ई७, ई८ असे गेले तरीही सातच! मी हे तीनदा मोजून पाहिले.

या एका गोष्टीवर रिचर्ड रेटी यांनी १९२१ साली एक कूट रचले. ते जगभर प्रसिद्ध आहे. पांढरा राजा एच८, पांढरे प्यादे सी६. काळा राजा ए६, काळे प्यादे एच५. खेळी पांढऱ्याची. काळे प्यादे धावत सुटणार आणि पांढरा राजा त्याच्यापासून दोन खेळ्या मागे. पांढरे प्यादे तर काळ्या राजाच्या तोंडाशीच. सर्व बाजूंनी हरलेला डाव. उत्तर असे : राजा जी७, प्यादे एच४, राजा एफ६! तिरप्या वाटेने राजा दोन्हीकडे एकाच वेळी निघाला आहे. काळ्याचे प्यादे पळाले तर राजा आपल्या प्याद्याला गाठून त्याचा वजीर करवतो. काळा राजा बी६ ला येऊन थांबला तर पांढरा ई५ ला जातो. त्यावर काळ्याने सी६ चे प्यादे मारले तर एफ४ आणि जी३ वरून काळे प्यादे सापडते, आणि न मारता प्यादे पुढे ढकलले तर राजा डी६ ला येऊन आपले प्यादे पार करतो. डाव बरोबरीत. राजा कोणत्या कामाला निघाला आहे हे त्याने शेवटपर्यंत सांगितलेच नाही, यात या कूटाची गंमत आहे.

दुसरी गोष्ट चौकोनाची. प्यादे एकटेच धावत असेल आणि त्याचा राजा दूर असेल तर शत्रूचा राजा त्याला पकडेल का? एकेक खेळी मोजत बसायला नको. प्याद्यापासून शेवटच्या रांगेपर्यंत जेवढी घरे तेवढ्याच बाजूचा चौकोन मनात आखावा. आपल्या खेळीला शत्रूचा राजा त्या चौकोनात पाऊल टाकू शकला तर प्यादे गेले. नाही तर वजीर झाला. पांढरे प्यादे ए४ मध्ये असेल तर चौकोन ए४, ए८, ई८, ई४ असा. काळा राजा एफ५ मध्ये आहे. खेळी काळ्याची असेल तर तो ई५ ला, म्हणजे चौकोनात येतो आणि प्यादे ए७ ला पोहोचते तेव्हा बी७ ला हजर असतो. खेळी पांढऱ्याची असेल तर प्यादे ए५ ला जाते, चौकोन लहान होतो आणि राजा बाहेर राहतो. प्यादे मूळ घरी असेल तर ते दोन घरे जाणार हे धरून चौकोन एका रांगेने लहान आखावा. या नियमाबद्दल अधिक सांगण्यासारखे नाही. तो पाच मिनिटांत येतो आणि जन्मभर पुरतो.

तिसरी गोष्ट मात्र सावकाश समजून घ्यावी लागते. दोन राजे एकाच रांगेत समोरासमोर, मध्ये एकच घर. राजा राजाला खेटू शकत नाही, त्यामुळे मधल्या तिन्ही घरांत कोणालाच शिरता येत नाही. इंग्रजी पुस्तके याला 'अपोझिशन' म्हणतात. मी आमनासामना म्हणते. अशा वेळी ज्याची खेळी असेल तो अडचणीत येतो, कारण त्याला बाजूला सरावे लागते आणि दुसरा पुढे घुसतो. बाकी सगळ्या डावात खेळी हाती असणे हा फायदा. इथे तो तोटा! बुद्धिबळात "मी या वेळी खेळत नाही" असे म्हणण्याची सोय नाही.

याचे सर्वांत क्रूर उदाहरण म्हणजे पांढरे प्यादे ई४, काळे प्यादे ई५, पांढरा राजा एफ५, काळा राजा डी४. दोघेही एकमेकांच्या प्याद्याला टेकलेले. ज्याची खेळी तो आपले प्यादे सोडून हलणार आणि हरणार. स्थिती तीच, मोहरी तीच, फक्त पाळी कोणाची एवढ्यावर निकाल. कारखान्यातल्या माणसांना पाळीचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

आता माझ्या डावाकडे येते. प्यादे पहिल्या अर्ध्या पटात असेल तर त्याच्या दोन रांगा पुढची तीन घरे निर्णायक असतात. ई२ च्या प्याद्यासाठी ती डी४, ई४ आणि एफ४. पांढरा राजा यांपैकी एका घरात पोहोचला की काळ्याने काहीही केले तरी प्याद्याचा वजीर होतो. मी यांना नाक्याची घरे म्हणते. अण्णांची बस चाकणच्या तळेगाव चौकात अडकते, तेव्हा नाका ताब्यात असणे म्हणजे काय हे आमच्या घरी सगळ्यांना कळते.

माझा राजा डी४ मध्ये होता. म्हणजे मी नाक्यावर उभी होते आणि डाव जिंकलेला होता. पण प्यादे पुढे गेले की नाकेही पुढे सरकतात, हे मला ठाऊक नव्हते. प्यादे ई४ वर ठेवताच नाक्याची घरे डी६, ई६, एफ६ झाली. आणि त्यांपैकी डी६ मध्ये तर काळा राजाच उभा होता. मी माझ्या हाताने नाका उचलून त्याच्या दारात नेऊन ठेवला.

आता ई३ खेळून पाहा. नाकी डी५, ई५, एफ५ वर येतात. राजे डी४ आणि डी६ मध्ये, आमनेसामने, आणि पाळी काळ्याची. तो ई६ ला आला तर मी ई४ ला जाऊन पुन्हा समोर उभी राहते. पुन्हा पाळी त्याचीच. तो सी६ ला सरला तर मी ई५ मध्ये शिरते. तो मागे गेला तर नाका मोकळाच. कसेही करून माझा राजा पुढे घुसतो, आणि प्याद्याच्या पुढे राहून सहाव्या रांगेत पोहोचला की संपले. तिथे पांढरा राजा ई६, प्यादे ई५ आणि काळा राजा ई८ असेल तर खेळी कोणाचीही असो, पांढरा जिंकतो.

म्हणजे प्याद्याची ती एक घराची चाल ही हातात राखलेली खेळी होती. पाळी दुसऱ्यावर ढकलण्यासाठी ती लागते. जे प्यादे अजून मूळ घरी आहे त्याच्याजवळ ही शिल्लक असते. जे घाईने पुढे गेले त्याने ती खर्चून टाकलेली असते. राजाने पुढे जाऊन वाट मोकळी करावी आणि प्याद्याने मागून यावे, असा हा उलटा न्याय आहे. 'प्यादे' हा शब्द फारसीतून आला, अर्थ पायी चालणारा, संस्कृतात पदाति. पायदळ पुढे आणि राजा मागे ही युद्धाची रीत. अखेरीत राजाच पायदळाचा वाटाड्या होतो.

माझ्यासारखी चूक झालीच तर शेवटची एक आशा असते. प्यादे सातव्या रांगेत शह न देता पोहोचले तर बहुधा जिंकते; शह देत पोहोचले तर बहुधा बरोबरी. आणि बचाव करणाऱ्यानेही भलत्याच घरात मागे जाऊ नये. माझ्या डावात काळा राजा ई८ ला सरळ मागे गेला म्हणून वाचला. तो डी८ किंवा एफ८ ला गेला असता तर मी जिंकले असते. समोरच्या मुलीला हे ठाऊक होते. ती अर्धा गुण अभ्यासाने घेऊन गेली हे मी कबूल करते.

कडेच्या प्याद्याची, म्हणजे ए किंवा एच रांगेतल्याची, गोष्ट वेगळी. तिथे बचावाचा राजा कोपऱ्यात जाऊन बसला की त्याला हुसकता येत नाही, कारण एका बाजूने पटच संपतो. चाकणचा संग्रामदुर्ग १६६० साली फिरंगोजी नरसाळा यांनी शाइस्तेखानाच्या प्रचंड फौजेपुढे सुमारे दोन महिने लढवला. तो किल्ला अखेर पडला. पटावरचा हा कोपरा पडत नाही.

इतक्या साध्या स्थितींचा अभ्यास नवशिक्यांसाठी ठीक, मोठ्या खेळाडूंना त्याचे काय, अशी शंका काही मित्रांनी काढली. त्यांना १२ डिसेंबर २०२४ ची तारीख आठवून द्यावीशी वाटते. सिंगापूरमध्ये जगज्जेतेपदाच्या सामन्याचा चौदावा आणि शेवटचा डाव चालू होता. दोघांचे साडेसहा-साडेसहा गुण. डी. गुकेश यांच्याकडे एक प्यादे जास्त, पण डाव बरोबरीत सुटणार असेच बहुतेकांना वाटत होते. पंचावन्नाव्या खेळीला पांढऱ्या बाजूच्या डिंग लिरेन यांनी हत्ती एफ२ वर आणला. हत्तींची अदलाबदल झाली. लगेच गुकेश यांनी उंट डी५ वर आणला आणि उंटांची अदलाबदलही टाळता येईना. मग उरले दोन राजे आणि प्यादी. डिंग यांचा राजा ई३ ला आला, गुकेश यांचा ई५ ला. आमनेसामने, मध्ये एक घर, पाळी पांढऱ्याची. डिंग यांनी डाव सोडला. अठरा वर्षांचा मुलगा जगज्जेता झाला तो राजा आणि प्याद्यांच्या अखेरीत. हत्तींची अदलाबदल करायची की नाही हे ठरवताना तिच्या पलीकडची अखेर दिसावी लागते, हे त्यावरून कळते.

जगज्जेते कापाब्लांका यांनी १९२१ च्या आपल्या पुस्तकात विद्यार्थ्याला प्रथम सोप्या अखेरीच शिकवल्या आहेत, सुरुवातीच्या चाली नंतर. त्याच कापाब्लांकांना १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत हरवणारे मीर सुलतान खान हे पंजाबातले, देशी पद्धतीवर वाढलेले. विलायतेत गेल्यावर त्यांना तिथले नियम अंगवळणी पाडावे लागले, तरी १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीन वेळा ते ब्रिटिश विजेते झाले. अखेरीत ते विशेष बळकट मानले जात. २०२४ साली त्यांना मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर किताब मिळाला. एकेका घराने चालणाऱ्या प्याद्यावर ज्याचा हात बसला त्याची अखेर पक्की असावी, असे मला वाटते. हा माझा तर्क आहे, सिद्धान्त नव्हे.

आपल्या महाराष्ट्रात या खेळाची परंपरा मोठी आहे. रोहिणी खाडिलकर १९८१ साली आशियाई महिला विजेत्या झाल्या. नागपूरची दिव्या देशमुख जुलै २०२५ मध्ये बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पुण्यात महिलांची ग्रां प्री स्पर्धा झाली व कोनेरू हम्पी तीत पहिल्या आल्या. हे वाचून आनंद होतो, पण थोडे दडपणही येते. चांगल्या शिक्षकाची फी आमच्या वस्तीतल्या किती घरांना परवडेल? सुरुवातीच्या चालींचे ज्ञान तर दर महिन्याला बदलते आणि त्यासाठी मार्गदर्शक, संगणक, सगळे लागते. अखेरीचे तसे नाही. सात मोहऱ्यांपर्यंतच्या सर्व स्थिती २०१२ सालापर्यंत संगणकांनी पूर्ण सोडवल्या आहेत. एक राजा, एक प्यादे आणि समोर एक राजा हा त्यातला सर्वांत सोपा भाग. त्यात जगज्जेत्याला जे ठाऊक आहे तेवढेच पुठ्ठ्याच्या पटावर आपल्यालाही ठाऊक होऊ शकते, एक अक्षरही कमी नाही. मला यात फार मोठा दिलासा वाटतो.

शेवटी एक स्थिती देते. पांढरा राजा ई१, पांढरे प्यादे ई२, काळा राजा ई८. तिघेही आपापल्या मूळ घरी, बाकी पट रिकामा. खेळी पांढऱ्याची असेल तर निकाल काय? काळ्याची असेल तर? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बरोबर असूनही पहिल्याच खेळीत डाव घालवता येतो, एवढे सांगून ठेवते. अण्णांनी पाच मिनिटे विचार करून नटाला हात न लावता राजा उचलला. तो कोणत्या घरात ठेवला हे इथे लिहीत नाही. सोमवारी आणि गुरुवारी शेवटच्या तासानंतर मी पट घेऊन ग्रंथालयाबाहेरच्या बाकावर बसते. तिथे खेळून पाहता येईल.